जुनं घर पाडण्याआधी थोडं थांबा

पत्र: आम्ही सहा जणांसाठी घर बांधतोय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे. तळमजला आणि वर एक मजला असा बेत आहे. घर शक्य तितकं नैसर्गिक साहित्याचं असावं अशी माझी आणि नवऱ्याची मनापासून इच्छा आहे. पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो. कुणी मातीच्या विटा सांगतं, कुणी बांबू, कुणी चुना. एका विक्रेत्यानं परदेशातून येणाऱ्या बांबूच्या फळ्या आणि 'नैसर्गिक' म्हणून एक रंग दाखवला. सासरे म्हणतात, मातीच्या भिंती पावसात बसतील आणि उरलेलं वाळवी खाईल. ठेकेदारानं मधला मार्ग काढलाय: नेहमीसारखा काँक्रीटचा सांगाडा उभारायचा आणि आतून मातीचा गिलावा करायचा. जागेवरचं जुनं घर पुढच्या महिन्यात पाडणार आहोत, त्याआधी साहित्य ठरवायला हवं. सगळ्यात पर्यावरणपूरक साहित्य कोणतं, आणि सासऱ्यांना काय सांगू?

उत्तर: जुन्या घराचा उल्लेख तुमच्या पत्रात एका वाक्यात येऊन जातो. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण तुम्ही जे साहित्य शोधताय त्यातलं बरंचसं त्या घरात असण्याची शक्यता आहे. तिथला दगड आधीच फोडलेला आहे, वीट आधीच भाजलेली आहे, तुळई कापून, वाळून, वर्षानुवर्षं भार पेलून स्थिरावलेली आहे. त्यांच्यासाठी आता खाण खणावी लागणार नाही, भट्टी पेटवावी लागणार नाही आणि झाडही तोडावं लागणार नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की पाडायची तारीख पुढे ढकला. आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. सगळं पाडायलाच हवं का, की जोतं आणि काही भिंती ठेवून पुढचं बांधता येईल, हे त्यांच्याकडून कळू द्या.

पाडायचंच ठरलं तर यंत्र लावू नका. यंत्रानं घर झटपट खाली येतं, पण मागे ढिगारा उरतो आणि ढिगाऱ्यातून धड काही हाती लागत नाही. हातानं, वरून खाली, बांधलं त्याच्या उलट क्रमानं उतरवलं तर दारं, चौकटी, वासे, फरशी, दगड सगळं वेगवेगळं निघतं. एखाद्या भिंतीचा सांधा टोकरून पाहा. वीट चुन्यात किंवा मातीत बांधलेली असेल तर सांधा मोकळा होतो आणि वीट अखंड सुटते. सिमेंटमध्ये बांधलेली वीट बहुतेक वेळा तुटूनच निघते. तुटलेल्या विटांचाही उपयोग आहे, त्या फरशीखाली भरावाला जातात. फक्त दोन गोष्टींपासून जपा. जुन्या लाकडावरच्या तैलरंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका आणि जाळून तर अजिबात काढू नका, घरात मुलं आहेत. आणि छपरावर अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू किंवा कापू नका. त्यातले तंतू श्वासावाटे फुफ्फुसात जातात आणि अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. हे काम शिकलेल्या माणसांकडून, पत्रे ओले ठेवून आणि शक्यतो अखंड उतरवूनच करून घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. असं एकच एक साहित्य नसतं. मला एखादं साहित्य तोलायचं असतं तेव्हा पहिला विचार आगीचा येतो: हे तयार व्हायला किती भाजावं लागलं? सिमेंटची भट्टी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. पण इंधन हा त्या हिशेबाचा लहान भाग झाला. चुनखडी भाजली की तिच्यातच बांधलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी पडणारच, कारण ते त्या दगडाचं रसायन आहे. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो, तो या दुहेरी कारणामुळे. चुनाही त्याच चुनखडीतून येतो, म्हणून तो पूर्णपणे निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण तो सुमारे ९०० अंशांवर तयार होतो आणि भिंतीवर लागल्यावर कडक होताना हवेतून कार्बन डायऑक्साइडचा काही भाग परत शोषतो. भाजलेली वीटही त्याच सुमाराच्या तापमानाची. न भाजलेली माती, जवळचा दगड, लाकूड, बांबू आणि पेंढा यांना भट्टी लागतच नाही.

आगीनंतर प्रवास पाहा. माती आणि दगड ही जड साहित्यं आहेत, त्यांचं चांगुलपण ती जवळून आली तरच टिकतं. तुम्हाला दाखवलेल्या बांबूच्या फळ्यांचं उदाहरण घ्या. बांबू झपाट्यानं वाढतो हे खरं. पण त्या फळ्यांमध्ये बांबूच्या पट्ट्या डिंकानं चिकटवून, दाबून, तापवून बसवलेल्या असतात आणि मग त्या समुद्र ओलांडून येतात. त्या वाईट आहेत असं नाही, पण जुन्या घरातली फरशी घासून पुन्हा बसवता येत असेल तर त्यांच्यासमोर ती कितीतरी सरस. 'नैसर्गिक' हा शब्द डब्यावर छापलेला असेल तर डब्यातल्या घटकांची यादी मागा. खरोखर चांगला माल विकणारा ती लपवत नाही.

ठेकेदाराच्या मधल्या मार्गाबद्दल मी स्पष्ट बोलते: मला तो पटत नाही. घरातलं बहुतांश सिमेंट आणि पोलाद खांब, तुळया आणि स्लॅबमध्ये जातं. तो सगळा सांगाडा तसाच ठेवून वर मातीचा हात फिरवला तर खोलीतली हवा थोडी सुखावह होईल आणि भिंत सुंदर दिसेल, पण पर्यावरणाच्या हिशेबात फारसा फरक पडणार नाही. शिवाय गुळगुळीत काँक्रीटवर मातीचा गिलावा नीट धरत नाही, आधी पृष्ठभाग खडबडीत करून घ्यावा लागतो. तळमजला अधिक एक मजला एवढ्याच घराला अनेक ठिकाणी सांगाड्याची गरज नसते, भिंतीच भार पेलू शकतात. तुमच्या जमिनीवर, तुमच्या भागातल्या भूकंपाच्या धोक्यात हे चालेल का, हे इंजिनिअरनं गणित करून सांगायला हवं. चालत असेल तर सगळ्यात मोठी बचत इथेच होते. भाजलेल्या विटांच्या भिंती करायच्या झाल्या तर केरळमध्ये काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी सातत्यानं वापरलेली रचना विचारात घ्या. तिच्यात विटा उभ्या कडेवर, आत पोकळी ठेवून रचतात. साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णता आत यायला वेळ लागतो.

पाया, जोत्याचा पट्टा, न्हाणीघर, पाण्याची टाकी यांना सिमेंट लागेल तर खुशाल वापरा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. तिथे फ्लाय अ‍ॅश (कोळशावरच्या वीजकेंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट मागा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मालाचं प्रमाण कमी होतं. ते सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, म्हणून त्यावर पाणी मारण्याचे दिवस कमी करू देऊ नका. वाळूचीही चौकशी करा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जग दरवर्षी सुमारे ५००० कोटी टन वाळू आणि खडी वापरतं आणि त्यापायी नद्यांची पात्रं उपसली जातात. दगड फोडून केलेली वाळू चालणार असेल तर ती घ्या.

आणि हे सगळं ठरवण्याआधी नकाशा पुन्हा एकदा समोर घ्या. पत्रात तुम्ही खोल्यांबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मला ही शंका येते. वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळी खोली, रिकामा दुसरा दिवाणखाना, कुणी न बसणारी गच्चीवरची खोली, यातलं काही कमी करता येईल का? जी भिंत उभीच राहिली नाही, तिच्याइतकी स्वच्छ भिंत कुठल्याच साहित्याची होत नाही.

आता सासरे. त्यांची भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. मातीची भिंत पाण्यानं बसते हे त्यांनी पाहिलेलं असणार. पण ती नेमक्या कुठल्या पाण्यानं बसते, हे त्यांच्याशी बोला. येमेनमधल्या शिबाम शहरात कच्च्या विटांची अनेक मजली घरं आहेत, त्यातली बरीचशी सोळाव्या शतकातली. तो कोरडा प्रदेश आहे असं सासरे म्हणतील आणि ते बरोबरच असेल. मग त्यांना इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्याबद्दल सांगा. तिथे पाऊस भरपूर पडतो, आणि माती व पेंढा कालवून थरावर थर रचलेल्या भिंतींची शेकडो वर्षांची घरं तिथे आजही राहती आहेत. ती टिकली कारण भिंत दगडी जोत्यावर उभी आहे, त्यामुळे जमिनीची ओल वर चढत नाही, आणि छपराची वळचण भिंतीपासून चांगली पुढे आलेली आहे, त्यामुळे पागोळ्या भिंतीवर पडत नाहीत. विसाव्या शतकात अशा काही घरांच्या भिंती ढासळल्या, त्यामागे बऱ्याचदा 'मजबुतीसाठी' वरून मारलेला सिमेंटचा गिलावा होता. सिमेंटला बारीक तडा जातो, पाणी आत शिरतं, पण वाफ होऊन बाहेर पडू शकत नाही. भिंत आतल्या आत भिजत राहते आणि बाहेरून ठणठणीत दिसते. म्हणून मातीच्या भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग द्यायचा. ओल आली तरी ती त्यातून निघून जाते.

जोतं जमिनीपासून निदान दीड-दोन फूट उंच ठेवा, पावसाचा मारा जोरदार असेल तर आणखी वाढवा. घराभोवती उतार काढून पाणी दूर न्या. न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या भिंतीत माती नको, तिथे दगड किंवा भाजलेली वीट घ्या. नळाची पाइपलाइन मातीच्या भिंतीत गाडू नका, बाहेरून उघडी न्या, म्हणजे गळती लगेच दिसेल. सासऱ्यांच्या शंकेचं खरं उत्तर या गोष्टींमध्ये आहे, आणि त्यांना त्या पटतील असं मला वाटतं. मात्र अशा घराची देखभाल करावी लागते हे त्यांच्यापासून आणि स्वतःपासूनही लपवू नका. मालीमधल्या जेने शहरातली मातीची मोठी मशीद १९०७ मध्ये आजच्या रूपात उभी राहिली. गावकरी दरवर्षी एकत्र येऊन तिच्यावर मातीचा नवा हात देतात. तुमच्या घराला दरवर्षी एवढं लागणार नाही, पण पावसाळा संपला की भिंतींभोवती फिरून पाहायचं, चिरा भरायच्या, दर काही वर्षांनी चुन्याचा हात द्यायचा, हे मान्य असेल तरच माती निवडा. ज्यांना बांधून झाल्यावर भिंतीकडे वळूनही पाहायचं नाही, त्यांना मी दगड किंवा वीट सुचवेन.

भूकंपाबद्दल जास्त गंभीरपणे सांगते. २००३ च्या डिसेंबरमध्ये इराणमधल्या बाम शहरात भूकंप झाला आणि २६ हजारांहून अधिक माणसं गेली. तिथली बरीच घरं कच्च्या विटांची, जड छपरांची आणि कसलंही बांधबंदिस्त नसलेली होती. माती दाब चांगला सोसते, पण ताण आणि हिसका तिला सोसत नाही. तुमचा भाग भूकंपप्रवण असेल तर जोत्याच्या, दारं-खिडक्यांच्या वरच्या आणि छपराखालच्या पातळीवर घराला चारही बाजूंनी बांधून घेणारे पट्टे, कोपऱ्यांपासून लांब ठेवलेल्या लहान खिडक्या आणि हलकं छप्पर हवंच हवं. हे जमत नसेल, किंवा जाणकार इंजिनिअर मिळत नसेल, तर मातीचा हट्ट सोडा. हलका लाकडी किंवा बांबूचा सांगाडाही नैसर्गिकच असतो.

हवामानाचाही विचार करा, कारण जाड मातीची भिंत सगळीकडे सारखी वागत नाही. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असेल तिथे ती अप्रतिम काम करते. दिवसाची उष्णता आत पोहोचायला तिला कित्येक तास लागतात आणि तोवर बाहेर गार झालेलं असतं. जिथे रात्रंदिवस सारखाच दमट उकाडा असतो, तिथे जाड भिंतीपेक्षा वारा खेळवणारं हलकं घर बरं. आणि कडाक्याच्या थंडीत नुसती माती पुरत नाही. ती उष्णता साठवते, अडवत नाही. तिथे पेंढ्याचे गठ्ठे, लाकडाचा भुसा, लोकर किंवा बूच अशा उष्णतारोधक थराची जोड लागते. पेंढा वापरलात तर तो पूर्ण वाळलेला हवा. ओलाव्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं की त्याला बुरशी लागते आणि मग तो थर काढून टाकण्याशिवाय इलाज नसतो.

माती तुमच्याच जागेतली चालेल का, हे घरबसल्या ढोबळपणे पाहता येतं. वरची, पालापाचोळ्याची, कुबट वासाची सुपीक माती बाजूला काढा. ती बांधकामाला निरुपयोगी आणि बागेला मोलाची. खालची माती काचेच्या बरणीत तिसऱ्या हिश्शापर्यंत घ्या, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि बरणी ठेवून द्या. वाळू लगेच तळाशी बसते, गाळ काही तासांत आणि चिकणमाती एखाद-दोन दिवसांनी. बहुतेक भिंतींना वाळूचा भाग जास्त आणि चिकणमाती साधारण पाचवा हिस्सा अशी माती मानवते. नुसती चिकण, पाण्यानं फुगणारी काळी माती वाळताना भेगाळते, तिच्यात वाळू मिसळावी लागेल. यंत्रानं दाबलेल्या मातीच्या विटांमध्ये साधारण ५ ते १० टक्के सिमेंट किंवा चुना घालतात. तेवढं चालेल. पण कुणी 'खात्रीसाठी' त्याहून वाढवू लागलं तर थांबवा, कारण मग भाजलेल्या विटेपेक्षा ती बरी ठरत नाही.

वाळवीबद्दल सासऱ्यांना एवढं सांगा: तिला ओल आणि अंधार लागतो. लाकूड जमिनीला टेकू दिलं नाही, उंच जोतं उघडं आणि तपासता येईल असं ठेवलं की तिचे मातीचे बोगदे वेळेत दिसतात आणि मोडता येतात. बांबूला वाळवीपेक्षा भुंग्याचा त्रास जास्त, कारण बांबूत पिष्ट असतं. तीन ते पाच वर्षांचा पक्व बांबू तोडलेला असावा आणि बोरॅक्स व बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवलेला असावा. हे द्रावण पावसात धुऊन जातं, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरा, उघड्यावर नको. नवं लाकूड घ्यावं लागलं तर ते कुठल्या जंगलातून आलं याचा कागद मागा. जबाबदारीनं राखलेल्या जंगलांसाठी एफएससी हे प्रमाणपत्र १९९३ पासून आहे. पुठ्ठ्यासारख्या दाबीव फळ्यांमधून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये तो माणसात कर्करोग करणारा ठरवला आहे. मुलांच्या खोलीतली कपाटं अशा स्वस्त फळ्यांची करू नका, जुन्या घराच्या लाकडातून करा.

अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या टाळता आल्या तर टाळा. नवं अ‍ॅल्युमिनियम गाळायला प्रचंड वीज लागते. पुनर्वापरातल्याला तिच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते, घ्यायचंच तर ते घ्या.

आतल्या भिंतींना मातीचा गिलावा आणि चुन्याची सफेदी मला सगळ्यात आवडते, आणि मातीचा थर खोलीतला दमटपणा शोषून पुन्हा सोडतो हा त्याचा खरा फायदा आहे. त्यावर प्लॅस्टिक रंग चढवलात तर तो फायदा संपला. चुना कळीचा आणून भिजवून मुरवणार असाल तर डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घालूनच काम करू द्या. तो पाण्यात उकळतो, आणि डोळ्यात गेला तर कायमची इजा होते. लाकडाला जवसाचं तेल द्या. तेलानं भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्यांना मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तारीख पुढे गेल्यावर हाती आलेल्या वेळात एक काम नक्की करा. ज्या गवंड्याकडून काम करून घ्यायचं आहे, त्यालाच जागेवर कंबरेएवढी एक नमुना भिंत बांधायला सांगा: दगडी जोतं, तुमच्याच मातीच्या विटा, बाहेरून चुन्याचा गिलावा, वर छोटं छप्पर. तिच्या एका टोकाला गिलावा न करता तशीच उघडी ठेवा. सासऱ्यांना तिच्यावर रोज पाणी मारायला सांगा, जमलं तर एक पावसाळा जाऊ द्या. कुठे चीर पडते, कुठली माती झडते, गवंड्याला चुन्याचा हात येतो की नाही, हे तिथेच कळेल आणि घरातले सगळे एकाच भिंतीसमोर उभे राहून बोलू शकतील. तिच्यात काय दिसलं ते मला कळवा, मिश्रणाचं प्रमाण मग त्यावरून ठरवू.